आठ फुटी अ‍ॅक्सिसला काय लावू?

प्रश्न : ताई, नमस्कार. कुडाळजवळ माझा सुतारकामाचा छोटा कारखाना आहे. किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब आणि दारांवरचं कोरीव काम आम्ही करतो. आठ बाय चारची अख्खी शीट बसेल असा सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कापणी-कोरणीचं यंत्र) स्वतःच बांधायला घेतलाय. चौकट वेल्ड करून झाली आहे, २.२ किलोवॉटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार) आणि नेमा ३४ मापाच्या स्टेपर मोटारी आणल्यात. गँट्रीचं, म्हणजे स्पिंडल वाहून नेणाऱ्या सरकत्या पुलाचं, वजन ऐंशी किलोच्या आसपास जाईल. आडव्या आणि उभ्या अ‍ॅक्सिसला बॉलस्क्रू (आट्यांचा दांडा आणि त्यावर छऱ्यांवर चालणारा नट) ठरलाय, अडलंय ते लांब अ‍ॅक्सिसवर. एका भंगारवाल्याकडे २५ मिलिमीटर जाडीचा, ५ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात नट तेवढा सरकतो), पावणेतीन मीटर लांब बॉलस्क्रू स्वस्तात मिळतोय. मित्र म्हणतो पट्टा लाव, फॅब्रिकेटर म्हणतो रॅक (दातांची सरळ पट्टी) लाव. मला बॉलस्क्रूच सगळ्यात अचूक वाटतो. घेऊ का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नका घेऊ. स्क्रू चांगला असेलही, पण तुमच्या लांब अ‍ॅक्सिसला तो पुरा पडणार नाही. का, ते सविस्तर सांगते. कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि बहुतेकांचा हिशेब मोटारीपासून नाहीतर किमतीपासून सुरू होतो. तो सुरू व्हायला हवा बिटच्या टोकापासून.

प्लायवूडला तुम्ही ६ मिलिमीटरचा, दोन धारांचा कार्बाइड बिट लावणार आणि स्पिंडल १८,००० आरपीएमवर चालवणार असं धरू. म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडात शिरते. दर वेळी तिनं साधारण ०.२ मिलिमीटरचा पापुद्रा काढायला हवा. गुणाकार केला की मिनिटाला ७.२ मीटर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, येतं. एवढं फीड बिटला लागतंच. पापुद्रा जाड निघाला तर उष्णता त्याच्याबरोबर बाहेर पडते. फीड कमी पडलं की धार कापायचं सोडून घासायला लागते, उष्णता बिटमध्येच राहते, प्लायमधला रेझिनचा गोंद धार खातो आणि कापाच्या कडा काळ्या पडतात. यंत्र चालू झाल्यावर खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन बघा. बोटांना बारीक कपच्या लागल्या तर फीड बरोबर आहे. पिठासारखा मऊ लागला आणि जळका वास आला, तर बिट लाकूड कापत नाही, नुसता घासतोय.

आता भंगारवाल्याचा स्क्रू. दोन टोकांच्या बेअरिंगांमध्ये लांब दांडा फिरवला की एका ठरावीक वेगाला तो मधून बाहेर फेकला जाऊ लागतो, दोघींनी दोन टोकं धरून गरगर फिरवलेल्या दोरीसारखा. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. दांड्याची जाडी वाढली की तो त्याच प्रमाणात वाढतो, पण लांबी वाढली की वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांबी दुप्पट केली की वेग पावपट उरतो. तुमचे आकडे घालू : आट्यांच्या तळाशी जाडी २२ मिलिमीटर, बेअरिंगांमधलं अंतर २.६ मीटर, एक टोक पक्कं आणि दुसरं साध्या बेअरिंगवर. सुरक्षेसाठी ठेवतात ती वीस टक्के सूट सोडून उत्तर येतं सुमारे ४९० आरपीएम. ५ च्या लीडनं मिनिटाला जेमतेम २.४५ मीटर. लागतात ७.२. ही अडचण दांड्याच्या लांबीची आहे, त्यामुळे मोटार मोठी लावून ती सुटत नाही. दोन्ही टोकं पक्की धरली तरी साडेतीन मीटरच्या पुढे जात नाही, आणि मग चालून चालून स्क्रू तापला की त्याला लांबायला जागा उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, एका धारेचा बिट लावू आणि स्पिंडल १२,००० वर आणू. गणित बसतं, २.४ मीटर फीडमध्ये पापुद्रा ०.२ चाच निघतो. पण २४,००० आरपीएमचा स्पिंडल व्हीएफडीनं (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हनं) निम्म्या वेगावर आणला की त्याची ताकदही निम्मी होते. शिवाय तुमचा कारखाना आहे, दिवसाला किती शीट निघतात यावर तुमचा धंदा आहे. एका शीटमध्ये ४० मीटर कापणी आहे आणि १८ मिलिमीटरचं प्लाय तीन थरांत कापायचंय असं धरा. १२० मीटर झाले. ७.२ च्या फीडला सतरा मिनिटं, २.४ च्या फीडला पन्नास. आणि गँट्री नुसती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची तरी मिनिट मोडणार.

लांब स्क्रूचे आणखीही त्रास आहेत. २५ मिलिमीटरचा एवढा लांब दांडा उभा फिरवायचा नसतो, आडवा असतो, आणि स्वतःच्या वजनानंच मध्यभागी काही मिलिमीटर झोळ घेतो. शिवाय एका बाजूला एकच स्क्रू लावून जवळजवळ दीड मीटर रुंदीची गँट्री ढकलली तर ती तिरकी होते. म्हणजे दोन स्क्रू हवेत, किंवा एक टेबलाखाली मधोमध. आणि अचूकतेचं म्हणाल, तर बाजारात सहज मिळणारा सी७ दर्जाचा रोल केलेला बॉलस्क्रू ३०० मिलिमीटरमागे ०.०५ मिलिमीटरची चूक धरूनच विकला जातो. आडव्या अ‍ॅक्सिसच्या सव्वा मीटरला बॉलस्क्रू उत्तम, तिथे तो ठेवाच. लांबी अडीच मीटरवर गेली की त्याचे गुण एकेक करून गळतात.

पट्ट्याबद्दल मित्राचा सल्ला टाकाऊ नाही, तुमच्या यंत्राला तो बसत नाही इतकंच. दातांचा पट्टा वेगवान असतो, स्वस्त असतो, भुशाला फारशी दाद देत नाही. पण तो ताणला जातो, आणि किती ताणला जाणार हे मोकळ्या लांबीवर ठरतं. तोच पट्टा अर्ध्या मीटरला जितका कडक वागतो त्याच्या पावपट कडकपणा दोन मीटरला उरतो. ऐंशी किलोची गँट्री अशा पट्ट्याला बांधली की ती स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखी हलते. सरळ रेषेत काही कळत नाही. दारावरच्या वेलबुट्टीत जिथे दिशा पटकन बदलते तिथे कडेला लाटा उमटतात, आणि त्या पॉलिशखाली झाकत नाहीत, उलट उठून दिसतात.

तुमचा फॅब्रिकेटर बरोबर सांगतोय. रॅक आणि पिनियन (रॅकवर फिरणारं छोटं दातेरी चाक) लावा, दोन्ही बाजूंना, दोन मोटारींवर. रॅक चौकटीला बोल्टांनी जखडलेला असतो. पिनियन कुठल्याही क्षणी फक्त जवळच्या एक-दोन दातांवर जोर देतो. म्हणून यंत्र अडीच मीटरचं असो की सहा मीटरचं, पिनियनखालचा कडकपणा तोच राहतो. लांबीचा दंड ज्याला बसत नाही असा या तिघांत हा एकच मार्ग आहे. साइनबोर्ड आणि फर्निचरच्या धंद्यातली आठ बाय चारची यंत्रं बघितलीत तर लांब बाजूला बहुतेक ठिकाणी रॅकच दिसेल. उष्णतेचंही तसंच. लोखंड मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. दहा अंशांच्या फरकाला अडीच मीटरमागे ०.३ मिलिमीटर. रॅक आणि चौकट दोन्ही लोखंडाची असल्यानं बरोबरच वाढतात, एकमेकांवर ताण येत नाही.

पण रॅक कसा लावलाय यावर सगळं आहे. म्हणून इथे जरा थांबते.

पिनियन थेट मोटारीच्या शाफ्टवर बसवू नका. १.२५ मोड्युलचा (मोड्युल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), २० दातांचा पिनियन घ्या. त्याचा व्यास २५ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात तो ७८.५४ मिलिमीटर चालतो. स्टेपर मोटारीला फेऱ्यात २०० स्टेप असतात, म्हणजे एका स्टेपला ०.३९ मिलिमीटर. मायक्रोस्टेपिंगनं (एका स्टेपचे आणखी बारीक भाग पाडून) कागदावर बारीक आकडे दिसतात, पण जोर आला की रोटर थोडा मागे रेटला जातोच. मध्ये एकास चारचं रिडक्शन टाकलं की मोटारीच्या एका फेऱ्याला १९.६ मिलिमीटर चाल मिळते, आणि ड्राइव्हवर फेऱ्याला २,००० पल्स ठेवल्या तर एका पल्सला जवळपास ०.०१. मिनिटाला १० मीटर वेग हवा असेल तर मोटार ५१० आरपीएमवर फिरते, नेमा ३४ ला ते सहज झेपतं. यातला खरा फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही : मोटारीचा जोर चौपट होतो आणि रोटरची मागे सरक पिनियनवर पावपट पोचते, म्हणजे कडकपणा सोळापट वाढतो. रिडक्शनसाठी एचटीडी ५एमचा छोटा पट्टा आणि २० व ८० दातांच्या पुल्या पुरतात. इथे पट्टा चालतो, कारण तो वीतभर मोकळा असतो. स्वस्तातल्या गिअरबॉक्समध्ये स्वतःचाच बॅकलॅश (दातांमधला ढिला खेळ) असतो, पट्ट्यात तो जवळजवळ नसतो.

ही सगळी जुळणी, मोटार, पुल्या आणि पिनियन, एका जाड प्लेटवर घ्या आणि ती प्लेट एका टोकाला पिनवर झुलती ठेवा. दुसऱ्या टोकाला स्प्रिंग, पिनियन रॅकमध्ये दाबून धरणारी. पिनियन आणि रॅकमधला खेळ यानंच जातो. स्प्रिंग किती जोराची? दातांचा कोन २० अंशांचा असतो, म्हणून पुढे ढकलण्याच्या जोराच्या ०.३६ पट जोर पिनियनला रॅकपासून दूर लोटत असतो. कापणी आणि गँट्रीला वेग देणं मिळून एका बाजूला ४०० न्यूटन धरले तर दूर लोटणारा जोर सुमारे १४६ न्यूटन होतो, म्हणजे पिनियनवर पंधरा किलोचा दाब हवा. वर थोडी सूट ठेवा. आणि प्लेटची पिन रॅकच्या पिच लाइनच्या (दात एकमेकांना जिथे रेटतात त्या मधल्या रेषेच्या) उंचीलाच घ्या. ती वर-खाली असली तर एका दिशेला जाताना पिनियन दातांत घट्ट ओढला जातो आणि परतताना सुटू बघतो.

रॅक तुकड्यांत मिळतो, म्हणून सांधा येणारच. दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना भिडवून बोल्ट आवळायचे ही चूक मी फार बघते. टोकं नाही, दात जुळायला हवेत. त्याच रॅकचा वीतभर तुकडा उलटा करून सांध्यावर बसवा, त्याचे दात दोन्ही तुकड्यांत नीट उतरू द्या, क्लॅम्प आवळा आणि मगच खालचे बोल्ट कसा. टोकांमध्ये केसभर फट राहिली तरी हरकत नाही. नंतर दातांच्या खाचांत एकसारखी गोल पिन ठेवत जा आणि डायल गेज तिच्या डोक्यावरून फिरवा. सांध्यापाशी काटा उडाला तर तो सांधा पुन्हा सोडा. एवढा वेळ द्याच. सांधा चुकला की त्या जागी प्रत्येक शीटवर एकच खूण उमटत राहील आणि तुम्ही ती मोटारीत, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसाल.

हेलिकल (तिरप्या दातांचा) रॅक परवडत असेल तर त्यातली एक गोष्ट सांगायला मला फार आवडतं. त्याच्या दातांचा तिरपा कोन १९ अंश ३१ मिनिटं ४२ सेकंद असा चमत्कारिक असतो. हा आकडा मुद्दाम निवडलाय : या कोनाला पिच (दोन दातांमधलं अंतर) बरोबर मोड्युलच्या ३.३३३ पट होतो, त्यातला गणिताचा पाय (π) नाहीसा होतो. दीड मोड्युलच्या रॅकला नेमका ५ मिलिमीटर पिच, २० दातांच्या पिनियनला नेमका १०० मिलिमीटर फेरा. शिवाय तो चालतो शांत. मात्र पिनियनवर बाजूनं रेटा येतो, तेव्हा बेअरिंग तो झेलणारं हवं. तुमच्या कामाला सरळ दातांचाही पुरेल.

दोन्ही बाजूंच्या मोटारींना होमिंगचा (सुरुवातीची जागा ओळखण्याचा) वेगवेगळा स्विच द्या, म्हणजे यंत्र दर वेळी सुरू होताना गँट्री स्वतःच काटकोनात येईल. तपासायला गुण्या पुरत नाही, या मापाला तो फार लहान पडतो. शीटवर २,४४० बाय १,२२० च्या चार कोपऱ्यांना बारीक भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २,७२८ आले पाहिजेत. फरक असेल तर एका बाजूचा होमिंगचा आकडा थोडा सरकवा, पुन्हा पाडा, पुन्हा मोजा.

कोकणातल्या तुमच्या हवेबद्दल दोन शब्द. रॅक दात खाली करून, रेलच्या आडोशाला बसवा. वर तोंड केलेल्या दातांच्या बुडात एमडीएफची धूळ बसते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि त्या जागी गंज सुरू होतो. घट्ट ग्रीस लावू नका, त्यात भुसा मिसळून त्याची खरपूड होते. पातळ मशीन ऑइल फडक्यानं पुसून घ्या, जून ते सप्टेंबर आठवड्याला एकदा तरी. पिनियनच्या दोन्ही बाजूंना ताठ नायलॉनचा ब्रश अडकवला की दात आपोआप साफ होत राहतात.

आणि तो भंगारवाला. स्क्रू खरंच सरळ असेल, नटमध्ये खडखड नसेल, तर त्यातला चांगला सव्वा-दीड मीटरचा तुकडा आडव्या अ‍ॅक्सिसला कापून घेता येईल. टोकं टर्न करायला चांगला लेथवाला लागेल, कारण स्क्रू वरून हार्ड केलेला असतो, साधं टूल त्यावर टिकत नाही. ते कामाचे पैसे धरून स्वस्त पडत असेल तरच घ्या.

प्रश्न : मॅडम, मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट लेझर कटरचा आहे, लांब अ‍ॅक्सिस १,३०० मिलिमीटर, डोक्याचं वजन गाडीसकट दोन किलोच्या आत. सर म्हणतात इंडस्ट्रीत रॅक वापरतात, तुम्हीही तोच लावा.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बेटा, तुझ्या यंत्राला पट्टा लाव. वर कुडाळच्या वाचकांना मी पट्टा नको म्हटलं, त्याची दोन कारणं होती, जड गँट्री आणि कापणीचा जोर. लेझर मटेरियलला शिवतच नाही, त्यामुळे दुसरं कारण उरत नाही, आणि दोन किलोला पट्टा आरामात आवरतो. जीटी२ जातीचा ३ मिलिमीटर पिचचा, १५ मिलिमीटर रुंद पट्टा घे. ६ मिलिमीटरवाला या लांबीला घेऊ नकोस, पट्टा जितका अरुंद तितका ताणला जातो. दोन्ही बाजूंना पट्टा आणि मध्ये एक आडवा शाफ्ट ठेवलास तर एकाच मोटारीवर दोन्ही बाजू बरोबर चालतील. ताण देण्यासाठी एका टोकाची पुली बोल्टानं मागेपुढे होईल अशी कर आणि दोन्ही पट्टे बोटानं छेडून आवाज जुळवून घे. सरांना हिशेब कागदावर मांडून दाखव : डोक्याचं वजन, हवं ते अ‍ॅक्सिलरेशन, त्यातून येणारा जोर. दोन किलोला सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद वेग वाढवायचा तर फक्त १० न्यूटन लागतात. हा आकडा बघून ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे ३२ मिलिमीटरचा, १० लीडचा तीन मीटर लांब नवा बॉलस्क्रू आधीच येऊन पडलाय. स्क्रू न फिरवता नट फिरवला तर वेगाची मर्यादा जाते असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. स्क्रू दोन्ही टोकांना घट्ट, शक्य तर ताणून धरायचा, आणि मोटार गँट्रीवर घेऊन पट्ट्यानं नट फिरवायचा. दांडा फिरत नाही, त्यामुळे तो फेकला जाण्याची मुख्य भीती संपते आणि एवढ्या जड दांड्याला दर वेळी फिरवण्या-थांबवण्यात मोटारीचा जोरही जात नाही. पण यासाठी नट दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट (बाजूचा रेटाही झेलणाऱ्या) बेअरिंगांत पकडणारं घर करावं लागतं. त्याची बोअर आणि नटची बसण्याची जागा एका रेषेत आली नाही, तर नट डगमगत फिरतो आणि तेवढीच डगमग कामात उतरते. तुमच्या गावात यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले असतील, त्यातल्या एखाद्याकडून एकाच पकडीत दोन्ही बोअर करून घेता येत असेल तर जरूर करा. तसा कारागीर मिळत नसेल तर स्क्रू विका आणि रॅक घ्या. नुसता फिरवून वापरायचा विचार असेल, तर दोन आधारांमध्ये २.८ मीटर अंतर धरून मी हिशेब केला : एक टोक पक्कं ठेवून साडेपाचशे आरपीएम, म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटर. सागावर सावकाश कोरीव काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. तुम्ही काय कापणार ते लिहिलं नाहीत, ते कळवा.